आधी ऊब, मग दूध

१९ डिसेंबर, पहाटेचे पावणेतीन

आत्ताच पिल्लाच्या पोटात तीन मिली दूध गेलं. सिरिंजने थेंब थेंब, वीस मिनिटं लागली. पण एकदाही नाकातून आलं नाही.

काळी कुत्री रविवारी जिन्याखाली व्याली. पाच पिल्लं. चार गुबगुबीत आणि पाचवं हे, तपकिरी, मुठीएवढं. परवा संध्याकाळी चौघं लुचत होती आणि हे एकटं गार फरशीवर पडलेलं. दोनदा उचलून काळीजवळ ठेवलं, दोन्ही वेळा तिने नाकाने बाजूला सारलं. इतका राग आला तिचा! पोटच्या लेकराला कोणी असं लोटतं?

घरी आणलं आणि नको तेच केलं. गाईचं दूध कोमट करून, तान्ह्या बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने पाजायला गेले. ठसका लागला, दूध फेसासारखं नाकातून आलं. तरी मी रात्रभर पाजायला बघत राहिले. 'घे रे राजा, एवढा घोट घे.' त्याची मान माझ्या तळव्यावर नुसती कलंडत होती. ते दूध फुफ्फुसात गेलं असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

काल सकाळी डॉक्टरांनी आधी तोंड उघडून टाळू दुभंगलेला नाही ना ते पाहिलं. मग थर्मामीटर लावला. ९२. या वयात निदान ९५ तरी हवं. "हे हट्टाने पीत नाही असं नाही, ते गार पडलंय. गार पोटात दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध." पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? आणि गार पडलेलं पिल्लू कुत्री बाजूला सारते, हेही त्यांनीच सांगितलं. काळे, चुकलं गं माझं.

सासूबाईंनी जुन्या साड्यांची गोधडी काढली. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका अंगाला ठेवली आणि त्याला मांडीवर घेऊन दीड तास बसून राहिल्या. ऊब हळूहळूच द्यायची होती. मी बोटाने हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळत होते. पंजे ओठांना लावून बघायचे, गार, गार, मग जरा कमी गार. साडेअकराच्या सुमाराला करंगळी तोंडात दिली तर जीभ तिच्याभोवती वळली. आणि ओढ लागली, बारीकशी, पण ओढच. आईंना हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना.

आता पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणली आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, शिवाय गाईच्या दुधाने जुलाब होतात ते वेगळंच. दर दोन तासांनी, पालथं ठेवून, मान किंचित वर. नंतर ओल्या कोमट कापसाने पुसून शू करवायची, एरवी काळी चाटून करवते तशी.

दुपारी ऊबदार असतानाच त्याला भावंडांमध्ये, मागच्या आचळाला लावून पाहिलं. काळीने हुंगलं, चाटलं, लोटलं नाही. पण मिनिटभर लुचून त्यानेच सोडलं. दम पुरत नाही अजून.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर काल २१० ग्रॅम होतं, आत्ता २१३. त्यातलं किती आत्ताच्या दुधाचं, कोण जाणे. नाव ठेवायचा धीर मला होत नाही. आई मात्र दुपारपासून त्याला बाळ्या म्हणतायत.

पिशवीतलं पाणी बदलायला हवं. पुढचं दूध पावणेपाचला.