तिसऱ्या गिअरमध्ये हरवणारा दाब

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वर्षभरापूर्वी एकदा उघडून झालेला होता. त्या वेळी जळालेल्या क्लच प्लेटा बदलल्या होत्या. पण आठ महिन्यांत गाडी स्लिप होण्याचा, म्हणजे इंजिन जोरात फिरूनही वेग न वाढण्याचा, तोच त्रास परतला आणि आता संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्यावाचून इलाज नाही, असे मालकीणबाईंना सांगण्यात आले होते. त्यांनी सोबत एक लहान वही आणली होती. गाडी कधी स्लिप झाली, त्याआधी किती मिनिटे चालली होती आणि वेग किती होता, हे त्यांनी तारीखवार लिहून ठेवले होते. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत गाडीने एकदाही त्रास दिलेला नव्हता, त्यामुळे जिथे जिथे ती थंड अवस्थेत तपासली गेली, तिथे दोष दिसत नाही असेच उत्तर त्यांना मिळाले होते. "तुम्ही अर्धा तास चालवून बघा, मग बोलू," एवढेच त्या म्हणाल्या. ती वही नसती तर मीही छोटी फेरी मारून परत आलो असतो, हे कबूल करतो.

मी गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारा स्कॅनर जोडून निघालो. या चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरचे प्रमाण एकास एक असते, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरकडून (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाकडून) आत येणाऱ्या शाफ्टचे आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे फेरे सारखेच दिसले पाहिजेत. बराच वेळ ते तसे दिसलेही. सत्ताविसाव्या मिनिटाला एका चढावर अॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढला, वेग मात्र आहे तेवढाच राहिला, आणि स्कॅनरवर आतला शाफ्ट मिनिटाला २,९०० तर बाहेरचा २,३०० फेरे दाखवू लागला. मधले ६०० फेरे क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासण्यात जात होते. चौथ्या गिअरमध्येही तेच घडले. थोड्या वेळाने तिसऱ्या गिअरचे प्रमाण चुकल्याचा पी०७३३ हा कोड उमटला आणि संगणकाने संरक्षणासाठी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच धरून ठेवली. अडचणीच्या वेळी घरी पोहोचण्यासाठी राखून ठेवलेला गिअर नेमका नादुरुस्त होता. बाई दोनदा भर रस्त्यात का अडकल्या, ते तेव्हा माझ्या लक्षात आले.

पहिला, दुसरा आणि रिव्हर्स हे गिअर गरम गाडीतही निर्दोष होते. माझ्या मते निदानाचा खरा भाग इथेच असतो, पाना हातात घेण्याच्या आधी. या रचनेत ऑइलच्या दाबाने आवळले जाणारे वेगवेगळे क्लच आणि ब्रेक गिअर बदलतात: अंडरड्राइव्ह क्लच पहिल्या तीन गिअरमध्ये, 'दुसरा ब्रेक' या नावाचा आतला ब्रेक दुसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये, तर ओव्हरड्राइव्ह क्लच फक्त तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये काम करतो. दुसरा गिअर निर्दोष असल्यामुळे अंडरड्राइव्ह क्लच आणि दुसरा ब्रेक दोन्ही सुटले, आणि संशय एकट्या ओव्हरड्राइव्ह क्लचवर आला. स्टॉल टेस्टमध्ये (ब्रेक दाबून गाडी जागीच ठेवत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून क्लच घसरतो का ते पाहण्याच्या चाचणीत) काही आढळले नव्हते, पण ती चाचणी पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये होते. त्या वेळी हा क्लच सुटलेलाच असतो, म्हणून त्याच्याविषयी ती काहीच सांगू शकत नाही.

प्रश्न असा होता की प्लेटा झिजल्यामुळे क्लच घसरतो आहे की त्याला दाबणारे ऑइलच कमी पडते आहे. तिसऱ्या गिअरमध्ये अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह या दोन्ही क्लचना सारखाच दाब मिळायला हवा आणि गिअरबॉक्सच्या अंगावर दोन्ही मार्गांसाठी दाब मोजण्याची वेगवेगळी छिद्रे असतात, म्हणून मी गाडी लिफ्टवर घेऊन दोन गेज शेजारी शेजारी जोडले. ऑइल थंड असताना दोन्ही काटे एका रेषेत होते. चाके मोकळी फिरत असल्याने भार नव्हता आणि क्लच घसरतही नव्हता. तरीही ऑइल ८० अंशांच्या जवळ जाऊ लागले तसा ओव्हरड्राइव्हचा काटा सावकाश उतरू लागला आणि अखेरीस दुसऱ्याच्या दोन तृतीयांशांवर येऊन थांबला. इतक्या वर्षांच्या कामात मी एखादा दोष असा डोळ्यांसमोर उलगडताना क्वचितच पाहिला आहे. पंप, मुख्य दाब, ऑइलची पातळी, सगळे निर्दोष ठरले होते. गळती एकाच मार्गावर होती.

ऑइल त्या त्या क्लचकडे वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी उतरवून त्या मार्गात कॉम्प्रेसरची हवा सोडली, तेव्हा प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनचा नेहमीचा 'टक्' असा भरीव आवाज येण्याऐवजी फुसफुस ऐकू आली. मग गिअरबॉक्स खाली घेतला. प्लेटा अपेक्षेप्रमाणे काळ्या पडलेल्या होत्या, पण पिस्टनच्या रबरी सीलची कड एका ठिकाणी जेमतेम नखाएवढी चिरली होती. मागच्या वेळी पिस्टन बसवताना ती कड ड्रमच्या काठावर दुमडून कापली गेली असावी. थंड, दाट ऑइल त्या चिरेतून फारसे निसटत नव्हते. गरम होऊन पातळ झाले की निसटत होते, दाब घटत होता आणि नव्या प्लेटा जळत होत्या. आतापर्यंत सर्वांनी प्लेटा पाहिल्या होत्या, त्या कशाने जळाल्या हे कुणी विचारले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सर्व पिस्टनची सीले आणि शाफ्टवरील रिंगा बदलल्या. नव्या प्लेटा तासभर ऑइलमध्ये भिजवल्या, पिस्टन ऑइल लावून हाताने, कड चाचपत बसवला आणि ड्रम बंद केल्यावर प्लेटांमधील मोकळीक फीलर गेजने, म्हणजे मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, तपासली. गिअरबॉक्स पूर्ण जोडण्याआधी पुन्हा हवा सोडली. या वेळी 'टक्' स्पष्ट ऐकू आला. जळालेल्या प्लेटांचा भुगा कन्व्हर्टरमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये साठतो, म्हणून कन्व्हर्टर बदलला आणि कूलरच्या नळ्या धुऊन घेतल्या. जुन्या, घसरणाऱ्या क्लचच्या सवयीने संगणकाने साठवलेली मूल्येही पुसली, नाहीतर नव्या क्लचला त्याने चुकीचा दाब दिला असता.

चाचणीला मी बाईंनाच गाडी चालवायला दिली आणि स्कॅनर घेऊन शेजारी बसलो. पन्नास मिनिटे झाली, तोच चढ दोनदा चढून झाला, आणि तिसऱ्या गिअरमधील दोन्ही आकडे शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहिले. महिनाभराने मी गाडी पुन्हा बोलावून गरम ऑइलवर दोन्ही गेज जोडले. काटे एका रेषेत होते, आणि ऑइल काळे न पडता लाल राहिले होते.