व्हिसावर असताना अमेरिकेत घरकर्ज मिळतं का?

एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असताना घर घ्यावं की ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबावं? तुम्ही विचारलंत म्हणून सरळ उत्तर देतो: कर्ज मिळतं, आणि २० टक्के रक्कम स्वतःची असलीच पाहिजे असंही नाही. फॅनी मे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी आणि त्यांचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) हिच्या नियमांत कायदेशीर वास्तव्य असलेल्या व्हिसाधारकाला नागरिकाच्याच अटी लागतात. पहिलं घर असेल तर डाउन पेमेंट ३ टक्क्यांपासून, एरवी ५ टक्क्यांपासून. २० टक्क्यांहून कमी भरलंत तर पीएमआयचा, म्हणजे कर्ज बुडाल्यास लेंडरला (कर्ज देणाऱ्याला) संरक्षण देणाऱ्या विम्याचा, हप्ता मागे लागतो. हप्ते वेळेवर असतील तर कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आल्यावर तो बंद करायची लेखी मागणी करता येते. एफएचएचं (सरकारी हमीच्या घरकर्जाचं) दार मात्र २५ मे २०२५ पासून बंद झालंय. ग्रीन कार्ड नसलेल्यांना ते कर्ज आता मिळत नाही, तेव्हा त्याआधीचे सल्ले जपून वाचा.

मग एक बँक नाही म्हणते आणि दुसरी हो, हे कसं? वास्तव्याच्या पुराव्यासाठी कोणते कागद घ्यायचे, हे फॅनी मे कर्ज देणाऱ्यावर सोपवते. कुणी व्हिसाची ठरावीक मुदत शिल्लक मागतो, कुणी कंपनीचं पत्र. पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय म्हणून लोन ऑफिसर अडला तर आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) पुढे करा. राहण्याची मुदत आय-९४ वर असते, स्टॅम्प प्रवेशापुरता. तरीही पटलं नाही तर हुज्जत घालू नका, दुसरा लेंडर गाठा.

खरी अडचण बहुतेक वेळा व्हिसाची नसते, पैशाच्या वाटेची असते. लेंडर शेवटच्या दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट बघतो. तुमच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी एखादी रक्कम त्यात दिसली की ती कुठून आली ते कागदांनिशी दाखवावं लागतं. महिना १०,००० डॉलर कमावणाऱ्याला ५,००० च्या वरची प्रत्येक जमा समजावून सांगावी लागेल. भारतातून पैसे आणायचे असतील तर किमान तीन महिने आधी आणा आणि डॉलर करून इथल्या खात्यात ठेवा. क्लोजिंगच्या (सह्या होऊन घर ताब्यात येण्याच्या) आदल्या आठवड्यात आई-बाबांकडून पैसे मागवणं म्हणजे तारीख हुकवायची तयारी. पैसे भेट म्हणून येणार असतील तर परतफेड नाही असं लिहिलेलं गिफ्ट लेटर, वायरची (बँकेतून पैसे पाठवल्याची) पावती आणि पाठवणाऱ्याचं स्टेटमेंट लागतं. पासबुक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही. मित्राकडून घेतलेलं उसनं भेट म्हणून दाखवू नका. ती फसवणूक ठरते, आणि व्हिसावर असताना तो धोका कुणीच पत्करू नये.

आई-बाबांना एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) प्रत्येकी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. ४० लाख एकट्या बाबांनी पाठवले तर ६ लाख अडकतात; दोघांनी आपापल्या पैशातून २०-२० पाठवले तर ४. रिटर्न भरल्यावर ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हाताशी नसतात. तुमच्या स्वतःच्या एनआरई खात्यातल्या (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्यातल्या) पैशाला ही भानगड नाही. अमेरिकेच्या बाजूनेही एक फॉर्म आहे, आणि तो हमखास विसरला जातो: कराच्या दृष्टीने तुम्ही इथले रहिवासी असाल आणि आई-बाबांकडून मिळून वर्षात १,००,००० डॉलरच्या वर भेट आली, तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर शून्य, पण न भरल्याचा दंड भेटीच्या २५ टक्क्यांपर्यंत चढतो.

क्रेडिटबद्दल थोडक्यात: भारतातला सिबिल स्कोअर इथे चालत नाही. दर विचारायला चार लेंडरकडे जायचं तर १४ दिवसांच्या आत जा, म्हणजे स्कोअरसाठी त्या सगळ्या चौकशा एकच धरल्या जातात.

आणि नोकरी बदलायची असेल तर क्लोजिंगनंतर. सही व्हायच्या आधीच्या १० कामकाजाच्या दिवसांत लेंडर तुमच्या कंपनीला पुन्हा विचारतो, हा माणूस अजून तुमच्याकडेच आहे ना.