गुहागर अपडेट: जुना ८४१एन आगरात लावला, नेट चालू

मंडळी, आगरातल्या खोलीत नेट पोचलं एकदाचं, आणि तेही कपाटावर पडून असलेल्या जुन्या टीपी-लिंक ८४१एन राउटरवर, मेश सेट (घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) घ्यायची गरजच पडली नाही.

आधी घर कसंय ते सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. गुहागरची घरं तुम्हाला माहितीयत, पुढे रस्ता, मग खळं, ओटी, माजघर, मागची पडवी आणि त्याच्या मागे थेट समुद्राकडे गेलेलं लांबलचक नारळ-सुपारीचं आगर. फायबरचा मोडेम ओटीवर आणि काकूने पाहुण्यांसाठी बांधलेली खोली आगरात. मधे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, त्या पावसाळ्यात पाणी पिऊन बसतात आणि ओली भिंत वायफाय अजूनच खाते. फोनवर वायफाय अॅनालायझर (सिग्नल मोजणारं अॅप) लावून फिरलो तर मोडेमजवळ -४० डीबीएम (आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर), माजघर ओलांडलं की -६८, मागच्या पडवीत -८५. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तर माजघरातच संपतं.

रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) का नाही असं बरेच जण विचारतात. रिपीटर लावायचा तर तो पडवीत लागणार, म्हणजे त्याला स्वतःलाच -८५ मिळणार, शिवाय एकाच रेडिओवर घ्यायचं पण आणि द्यायचं पण म्हणून स्पीड निम्मा. केबल टाकणं शक्य असेल तर केबलच टाका, माझं मत पक्कं आहे.

नेटवर्कची केबल कॅट६, बाहेर टाकायची काळ्या जॅकेटची, अस्सल तांब्याची. स्वस्तातली सीसीए घेऊ नका, ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते, आणि आपल्या खाऱ्या हवेत ती टिकणार नाही. गडग्याच्या कडेने पीव्हीसी पाईपातून नेली आणि भिंतीत शिरायच्या आधी खाली झोळ सोडला म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून आत न येता तिथेच ठिबकतं.

८४१ला इथे फक्त मोडेमचं नेट वायफायवर द्यायचंय, बाकी सगळं मोडेमच बघतो. सेटिंग सोपंय पण क्रम महत्त्वाचा. आधी ८४१ला एकट्यालाच लॅपटॉप जोडून रिसेट मारा, मग लॅन आयपी (घरातल्या नेटवर्कमधला त्याचा पत्ता) बदला (मोडेम १९२.१६८.१.१ आहे म्हणून याला १९२.१६८.१.२), मग डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटणारी सोय) बंद करा, नाहीतर दोघेही आयपी वाटत बसतात आणि कोणाचं तरी नेट जातं. त्यानंतरच केबल जोडायची, ती पिवळ्या लॅन पोर्टमधे, निळा वॅन पोर्ट रिकामाच ठेवायचा. नाव-पासवर्ड मोडेमचाच ठेवला, चॅनल मात्र मोडेमला १ आणि याला ११, रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, खुलं फर्मवेअर) टाकायची फार इच्छा होती पण माझ्या व्हर्जनमधे ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम, अशा डब्यांसाठी १९.०७ हीच शेवटची सिरीज आणि तिचे अपडेट २०२२ मधे थांबले. म्हणून कंपनीचंच फर्मवेअर ठेवलंय, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलायची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करून.

आता खोलीत -४५ च्या आसपास मिळतं, स्पीड ५०-६० एमबीपीएस. पोर्टच १०० एमबीपीएसचे आहेत त्यामुळे यापेक्षा फार अपेक्षा नाही, पण पाहुण्यांना व्हिडिओ कॉल आणि काकूला बुकिंग बघायला भरपूर झालं. एक गोष्ट अजून खटकते, पडवीतून खोलीत जाताना फोन जुन्याच सिग्नलला चिकटून बसतो, कारण कधी सोडायचं ते फोन ठरवतो. मोडेमच्या वायफाय सिग्नलची पॉवर एक पायरी उतरवल्यावर बराच फरक पडला. लाईट गेल्यावर चालावं म्हणून राउटरचा छोटा यूपीएस घेताय तर ९ व्होल्टचं आउटपुट आहे का बघा, बरेचसे फक्त १२ चे असतात आणि ८४१चा अॅडॉप्टर ९ चा.

खरी काळजी आकाशातल्या विजेची. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की दोन इमारतींमधली तांब्याची केबल म्हणजे सर्जला सरळ रस्ता, जवळपास कुठे वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट उडू शकतात. सध्या मळभ आलं की काकू दोन्ही टोकं काढून ठेवते. पण हे कायमचं नको, म्हणून त्याच पाईपातून फायबर ओढायची (काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही) आणि दोन्ही बाजूला मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचं नेट साध्या केबलवर आणणारा डबा. ड्रॉप केबलला (घरापर्यंत येणारी फायबरची केबल) आधाराची स्टीलची तार असते ती बाहेरच कापायची, आत यंत्रापर्यंत आणायची नाही. कोणाकडे मीडिया कन्व्हर्टरची सिंगल मोड, सिंगल फायबर, एससी कनेक्टरवाली ए-बी जोडी (एका टोकाला ए, दुसऱ्याला बी) पडून असेल तर कळवा, चिपळूणपर्यंत येऊन घेऊन जाईन.