न पळालेला वारकरी
नांदूर मधमेश्वरला पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचे काम मी करतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून ही दलदल तयार झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पुढचा बराच वेळ ‘फ्लेमिंगो कुठे आहेत?’ या प्रश्नात जातो.

जानेवारीतील त्या सकाळी मनोऱ्यावर पाच पाहुणे होते आणि समोर वारकऱ्यांचा, म्हणजे काळ्या अंगाच्या व पांढऱ्या कपाळाच्या चांदव्यांचा, मोठा थवा होता. थवा मोजायला शिकवणे मला मनापासून आवडते. आधी दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे नजरेत बसवावे आणि मग तेवढ्या तुकड्यांनी सारा थवा मापावा. मात्र पक्षी मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतात, त्यामुळे एकदाच तुकडा ठरवून मोकळा होणाऱ्याचा आकडा हमखास चुकतो. हे समजावत असतानाच माझे तुकडे आकसले. सगळे वारकरी एकमेकांना बिलगले होते, त्यावरून मान वर न करताच कळले की भोवत्या, म्हणजे दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, आला आहे.

ती दलदली भोवत्याची मादी होती. गडद तपकिरी अंगाची, फिकट डोक्याची ती मादी पंख किंचित वर धरून पाणगवतालगत तरंगत आली. दाट थव्यात ती सहसा शिरत नाही. थवा हलवते आणि मागे कोण राहतो ते पाहते. वारकऱ्याला उडण्यासाठी पाण्यावर बरेच अंतर धावावे लागते. सगळे धावले, एक धावला नाही. तो बुडी मारायचा, वर यायचा, ती तिथेच घिरट्या घालत असायची आणि त्याची प्रत्येक बुडी आधीपेक्षा आखूड होत गेली.

‘दादा, ओरडून हाकला ना तिला,’ एक बाई म्हणाल्या. निसर्गात आपण हात घालायचा नसतो, पक्षी म्हातारा किंवा आजारी असेल, असे मी ठरलेले उत्तर दिले. मोठ्या लेन्सवाले गृहस्थ ‘मॅडम, हलू नका’ एवढेच म्हणाले. डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाकडून मी हल्ली फार अपेक्षा ठेवत नाही.

मादीने त्याला अर्धवट उचलत, अर्धवट ओढत चिखलाच्या उंचवट्यावर नेले आणि पिसे उपटायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याच्यावर स्कोप लावला. वारकऱ्याच्या बोटांना पानांसारख्या पाळ्या असतात. त्या पाळ्यांमध्ये रुतून काहीतरी चमकत होते. तो नायलॉनचा दोरा होता आणि त्याने दोन्ही पाय एकत्र जखडले होते. तो धावला नाही हे मी सर्वांच्या आधी टिपले होते. त्याचे कारण मात्र न पाहताच सांगून टाकले होते.

मी स्कोप तलवार बदकांकडे वळवला. ‘खरंच म्हातारा होता का हो?’ बाईंनी विचारले. ‘असेल,’ मी म्हणालो.

दुपारी बांबूने चिखल चाचपत मी त्या उंचवट्यावर गेलो. पिसे होती, हाडे होती, पाय अजून बांधलेलेच होते. दोरा सुटेना म्हणून ब्लेडने कापावा लागला. संध्याकाळी बाईंना दिवसभरातील पक्ष्यांची यादी पाठवली. तिच्यात वारकरी होता, दलदली भोवत्याही होता. दोघांपुढचा शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला.