चांदणीचा पीळ सुटला, आता कागद

मंडळी, नाताळसाठी घरी करत असलेली बांबूच्या कामट्यांची आणि कागदाची चांदणी, म्हणजे आत दिवा लावून टांगायचा ताऱ्याचा कंदील, अखेर सरळ झाली! पाचही टोकं एका पातळीत आली. फरशीवर ठेवली तर डुगडुगत नाही, दोरीला टांगली तर एका अंगाला कलत नाही. ती पिळली जाते अशी तक्रार मागच्या नोंदीत केली होती, त्यावर ज्यांनी ज्यांनी उपाय सुचवले त्या सगळ्यांचे मनापासून आभार. गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, आणि त्यापुढे पेरलेल्या नाचणीची खबर शेवटी देते. आज लिहायचंय ते चांदणीवरच, कारण आगमनकाळ (नाताळची वाट बघण्याचे आधीचे सुमारे चार आठवडे) सुरू झाल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

रचना आपली नेहमीचीच. पाऊण मीटरच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या, त्यांची टोकं एकमेकींना बांधायची आणि आतल्या पाच फुल्यांमध्ये, म्हणजे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे, दोन्ही चांदण्यांच्या मधे पाच टेकू सारून पोट फुगवायचं. फुल्यांच्या खुणा आता पूर्णपणे थोरलीकडे आहेत. ती सात वर्षांची आहे, दशांश अजून शिकलेली नाही, पण कागदाच्या पट्टीवर मी एकदा मोजून दिलेल्या खुणा ती कामटीवर अचूक उतरवते. नव्याने करणाऱ्यांसाठी सांगते: कामटी कितीही लांब घ्या, लांबीला ०.३८२ ने गुणा. दोन्ही टोकांपासून तेवढ्या अंतरावर फुली येते. ७५ सेंटीमीटरला हे अंतर २८.६५ आणि मधला तुकडा १७.७. एवढं सांभाळलं की कोनमापकाला हात लावावा लागत नाही, टोकं आपोआप ३६ अंशांची होतात.

सपाट चांदणी दर वेळी देखणी व्हायची. टेकू घातले की मात्र पीळ. दोन टोकं पुढे झुकणार, एक मागे जाणार, टेकू सरळ उभे राहायचे सोडून कलणार आणि रात्री कधीतरी टक्कन आवाज करून एखादा निसटणार. धाकटा सकाळी उठल्या उठल्या आधी खाली पडलेला टेकू शोधायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत.

तुम्ही सुचवलेलं सगळं करून पाहिलं. टेकू एकाच मापपट्टीवर धरून बारा-बारा सेंटीमीटरचे कापले. टेकूंच्या डोक्याला गोल कानशीने खाच पाडली, त्याने निसटणं पूर्ण थांबलं, हा उपाय कायमचा ठेवा. सुतळी सोडून मेण लावलेला दोरा घेतला. सुतळी दिसायला छान, पण ती दोन दिवसांत सैल होते आणि लहान बोटांना तिची गाठ आवळता येत नाही. मेणाचा दोरा गाठ मारताच जागच्या जागी बसतो. फुल्यांवर कामट्या एकाआड एक वर-खाली विणल्या, त्यामुळे चांदणी दोऱ्याआधीच अंग धरते. हे सगळं उत्तम. पीळ होता तिथेच.

उलगडा माझ्या सासऱ्यांमुळे झाला. त्यांनी सांगाडा मांडीवर घेतला, एकेक टोक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही कामटी वाकायला तयारच नाही. हिच्या मागची बिचारी दुप्पट वाकतेय." मी लगेच कॅलिपर आणला. एक कामटी तीन मिलिमीटर जाड, तिच्या जोडीची चार. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पण वाकण्याचा हिशेब जाडीच्या घनाने चालतो. तीनचा घन २७, चारचा ६४. म्हणजे एका मिलिमीटरच्या फरकाने ती कामटी सव्वादोन पटींहून जास्त ताठ! पुढची कामटी अडून बसते, मागची जास्त बाक घेते, टेकू त्या बाजूला कलतो आणि असे पाच टेकू पाच दिशांना कलले की सगळी चांदणी पिळली जाते. दोऱ्याने, खाचेने, विणीने हे सुटणारच नव्हतं.

मग आम्ही जे केलं ते या वर्षीचं माझं सगळ्यात आवडतं काम आहे. कामटीचा एक भाग टेबलावर वहीखाली दाबून धरायचा, पन्नास सेंटीमीटर टेबलाबाहेर ठेवायची. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने कागदी कप टांगायचा, त्यात दहा रुपयांची पाच नाणी टाकायची आणि टोक किती खाली येतं ते मागे उभ्या धरलेल्या पट्टीवर वाचायचं. धाकटा चार वर्षांचा आहे, नाणी टाकायचं काम त्याचं. तो एकेक नाणं अलगद सोडतो, कप हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बघतो आणि मग ओरडतो, "वाच!" थोरली पट्टी वाचते आणि कामटीवर पेन्सिलीने आकडा घालते. पातळ कामट्या साडेचार-पाच सेंटीमीटर खाली येत होत्या, जाड दोनवरच थांबत होत्या. सगळ्या कामट्या आकड्यांप्रमाणे ओळीने लावल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदम दिसलं की गुंता कुठे होता.

यातून आमचे नियम ठरले. एक, पुढची आणि मागची कामटी जोडीची हवी आणि ती शक्यतो एकाच बांबूची, शेजारी-शेजारी चिरलेली असावी. मग पेराच्या गाठीही दोन्हींत एकाच जागी येतात. दोन, फुलीच्या खुणेवर पेराची गाठ येऊ द्यायची नाही, तिथे कामटी वाकत नाही आणि खाचही नीट बसत नाही. तीन, जाड कामटी तासायची तर पोटाच्या, म्हणजे बांबूच्या आतल्या बाजूने. बांबूची खरी ताकद पाठीकडच्या धाग्यांत असते, पाठ खरवडली की कामटी कधी ना कधी मोडतेच. तासणं मोठ्यांनी करावं, बांबूचं कुसळ बोटात घुसलं की फार वाईट. पॉलिश पेपर फिरवल्याशिवाय एकही कामटी मुलांच्या हातात देत नाही.

कामट्यांबद्दल एक मत ठामपणे मांडते. घरपोच मिळणारे 'चांदणी संच' घेऊ नका. ज्या संचातून आम्ही सुरुवात केली होती त्यातल्या दहा कामट्या चार वेगळ्या जाडीच्या निघाल्या, दोन तर कोवळ्या बांबूच्या होत्या आणि वाळल्यावर वाकल्या. बुरुडाकडे जाऊन समोर चिरून घ्या. आम्ही गेलो तेव्हा त्याने मुलांना बसवून एक बांबू उभा चिरून दाखवला, कोयता घालून नुसता मनगटाचा पीळ दिला आणि बांबू शेवटापर्यंत सरळ उकलत गेला. पक्का, वाळलेला बांबू द्या, एवढंच सांगितलं तरी तो समजून देतो. पुण्याकडच्यांना बुरूड आळी आहेच.

आता कागद. हिशेब करून ठेवलाय: पुढे मधला पंचकोन आणि पाच त्रिकोण, मागेही तेच, आणि बाजूंचे दहा चिंचोळे त्रिकोण. एकूण बावीस तुकडे. मी पतंगाच्या कागदावर ठाम आहे. जिलेटिन चमकतो, पण सुरकुततो आणि आतला दिवा डोळ्यात खुपतो. पतंगी कागदातून उजेड पसरून येतो. चिकटवायला पातळ केलेला फेव्हिकॉल. मैद्याची खळ मुलांना कालवायला आवडते हे खरं, पण तिला मुंग्या आणि झुरळं लागतात आणि ती टाळायला जुने लोक खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, लहान मुलं असलेल्या घरात त्याचं नावही नको.

कागद चिकटून वाळला की त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. तो आधी ढिला पडतो आणि सुकताना ढोलकीसारखा ताणून बसतो. इथेच पुन्हा पीळ येऊ शकतो, म्हणून एकाच बाजूला फवारायचं नाही. पुढचा त्रिकोण आणि त्याच्या पाठचा त्रिकोण एकदम. दोन मुलं, दोन फवारणीच्या बाटल्या, चांदणी मधे टांगलेली: दोघांनी समोरासमोर उभं राहून एक-दोन-तीन म्हणत फवारायचं. सराव टाकाऊ सांगाड्यावर झालाय, थोरली आता धाकट्याला "तुझा मोठा फवारा झाला, थांब" असं बजावते आणि तो ऐकतोसुद्धा.

काळजी आहे ती दवाची. इकडे वसईत डिसेंबरात पहाटे इतकं दव पडतं की ओटीवर टांगलेला कागद रात्री लोंबतो आणि उन्हात पुन्हा ताणतो. रोज असं झालं की कडेला फाटतो.

आणि हे लिहितानाच एक सुचलं. टेकू आता खाचेत नुसते अडकलेले आहेत, कामट्यांच्या ताणावर उभे आहेत, बांधलेले नाहीत. म्हणजे ते काढले की चांदणी पुन्हा सपाट होणार! दर वर्षी तीन राजांच्या सणानंतर (६ जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांचा सण) ही एवढी मोठी चांदणी ठेवायची कुठे म्हणून ती मोडावी लागते. कागद असेल तर घडी पडताच चुरगळेल. पण कापड लावलं तर? पातळ सुती अस्तराचं किंवा मलमलचं. त्यातून उजेड येतो, दवाने फाटत नाही, आणि सण झाला की टेकू काढून चांदणी कपाटामागे उभी. बाजूचे दहा तुकडे कापडाचे असले की तेही आत दुमडतील. टाके घालायला माझ्या सासूबाई तयार होतील याची मला खात्री आहे, आणि थोरलीला सरळ धावदोरा येतो.

तेव्हा बेत बदलते. मोठी चांदणी आत्ता कागदाचीच, कारण मुलांनी रंग ठरवून ठेवलेत. उरलेल्या, आकडे घातलेल्या कामट्यांतून चाळीस सेंटीमीटरची छोटी चांदणी करून तिला मलमल लावते. ती गोठ्यावर टांगू. जमली तर पुढच्या वर्षी मोठीही कापडाची. दिवा दोन्हींत एलईडीच, पाच वॉटचा पुरे होतो. पूर्वीचे पिवळे बल्ब कागदाजवळ तापायचे, ते मुलांच्या घरात मला कधीच पटले नाहीत.

बाकीची खबर. आगमनकाळाच्या चक्रात, म्हणजे दर रविवारी एकेक लावायच्या चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्यात, तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लागली. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असं का, हे धाकट्याने विचारलं. तो आनंदाचा रविवार, वाट बघणं अर्ध्याहून जास्त संपलं म्हणून, असं सांगितल्यावर त्याने त्या दिवशी गुलाबीच शर्ट घातला.

नाचणी त्याच रविवारी पेरली. पसरट ताटलीत माती, वर दाट नाचणी, दिवसातून दोनदा फवारा, पहिले दिवस अंधारात. पंचवीस तारखेपर्यंत गोठ्यापुढे हिरवंगार शेत तयार होतं. गव्हाचे कोंब लवकर उंच होतात आणि लोळतात. नाचणी बुटकी, दाट, भाताच्या रोपासारखी दिसते, म्हणून मला तीच आवडते.

गव्हाणी रिकामीच आहे. रोज संध्याकाळी, दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं असेल तर मुलं गवताची एक काडी गव्हाणीत ठेवतात, म्हणजे नाताळच्या रात्री बाळ येशूला मऊ बिछाना. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाणी, बैल आणि गाढव आणून पहिला गोठा उभा केला, ही गोष्ट त्यांना रोज हवी असते. त्यामुळे आमच्या शाडूच्या बैलाला यंदा सर्वांत जास्त मान आहे. शाडूला तडे जाणाऱ्यांसाठी: त्यात भिजवून कुटलेला कागद मिसळा आणि सावलीत वाळवा. आमच्या गाढवाचा पाय सोडून सगळं शाबूत आहे, आणि पायाला आता आधाराची काडी आहे.

तीन राजे मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांवर जुन्या साडीचे तुकडे गुंडाळून केलेत. ते सध्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर आहेत आणि रोज थोडे थोडे गोठ्याकडे सरकतात. पोचायचं ६ जानेवारीला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, ज्यांना आपण राजे म्हणतो) किती होते ते लिहिलेलं नाही, भेटी तीन आहेत: सोनं, ऊद आणि गंधरस. ऊद म्हणजे काय ते मुलांना कळावं म्हणून निखाऱ्यावर थोडा टाकून दाखवला. आता त्यांना राजाच्या डबीत खरा ऊद भरायचाय, चित्रातला चालत नाही. तेवढा आणून ठेवलाय.

या आठवड्याचं काम: बावीस तुकड्यांचे कागद कापायचे, त्यांच्यावर मागे-पुढे आकडे घालायचे, छोट्या चांदणीच्या कामट्या पुन्हा नाण्यांवर तपासायच्या. कलकलही करायचे आहेत (पिठाच्या गोळ्या काट्या-चमच्यातल्या काट्यावर वळून तळायचा नाताळचा गोड पदार्थ), त्यासाठी काट्यांवर मुलांचा हक्क आधीच लागलाय. मलमल आधी धुऊन आटवून घ्यावी की कोरीच ताणून लावावी, हे कुणी करून पाहिलं असेल तर लवकर सांगा. मी शनिवारी कापड आणायला जाणार आहे.