लंडनमधला एक संथ दिवस: आंबेडकरांचं घर, टेकडी आणि कालवा

बिग बेन, बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज हे सगळं आधीच उरकलं होतं. आता एक दिवस असा हवा होता, की सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल, नानांना म्हणजे सासऱ्यांना काहीतरी नवीन बघितल्याचं समाधान मिळेल आणि आठ वर्षांचे चिरंजीव दर दहा मिनिटांनी ‘अजून किती?’ विचारणार नाहीत. नणंद वेम्बलीत राहते. तिने सुचवलं, नदीचा नाद सोडा आणि कालव्याकडे जा. उत्तर लंडनमधला चॉक फार्म ते लिटल व्हेनिस हा पट्टा जेमतेम चारेक किलोमीटरचा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आता मी सगळ्यांना आधी हाच पट्टा सुचवते.

निघायचं साडेनऊनंतर. त्याआधी आठवड्याच्या दिवशी गर्दीचे दर लागतात आणि डब्यात उभं राहायलाही जागा नसते. वेम्बली पार्क स्टेशनात लिफ्ट आहे. तिथून ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, ज्युबिली लाइन थेट स्विस कॉटेजला नेते. मेट्रोपॉलिटनच्या गाड्या मधली स्टेशनं गाळत वेगात जातात, पण स्विस कॉटेजला थांबत नाहीत. फिंचली रोडला गाडी बदलावी लागते. नाना घड्याळाकडे बघत होते, तरी आम्ही ज्युबिलीच धरली. शिवाय या प्रवासात शहराचा मधला भाग, म्हणजे झोन एक, लागतच नाही, त्यामुळे तिकीटही कमी पडतं.

तिकिटांचं एकदा नीट समजून घ्या. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑइस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड टेकवायचं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर नवरा-बायको असं चालत नाही. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं सुरू केलीत ना, ते बघा. ती बहुतेकदा बंदच असतात आणि ते कळतं बसच्या दारात, मागे रांग उभी असताना. ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. आम्ही गेलो तेव्हा बसचं भाडं १ पौंड ७५ पेन्स होतं आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात त्याच कार्डावर दुसरी, तिसरी बस फुकट. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, आणि मोठ्यांबरोबर असतील तर ट्यूबही.

स्विस कॉटेजहून ३१ नंबरची बस घेऊन चॉक फार्मला उतरलो. रुळांवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. तिथे दहा नंबरच्या दाराशी निळी गोल पाटी आहे: १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० साली परत आले, ते शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले उसने पैसे घेऊन. त्या दिवसांत दिवसभर ग्रंथालयात बसायचं आणि रात्री पापड भाजून भूक मारायची, असं चरित्रांत येतं. बाहेरची स्वच्छ, श्रीमंत गल्ली बघितल्यावर ते पापड जास्तच बोचतात.

हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे, राहत्या वस्तीत संग्रहालय नको म्हणून स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. प्रकरण वर गेलं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. म्हणून एक विनंती: मोठा घोळका असेल तर रस्त्यावर थांबून मोठ्याने बोलू नका, फोटो आत काढा. आत छायाचित्रं आहेत, पुस्तकं आहेत, भिंतींवर वचनं आहेत. वस्तूंचा भरणा नाही, आणि मला ते बरं वाटलं. घर उभं, मजल्यावर मजले. सासूबाई खालीच बसल्या आणि वहीत चार ओळी लिहून मोकळ्या झाल्या. चिरंजिवांनी विचारलं, ‘इथे राहून ते किती मार्कांनी पास झाले?’ नाना म्हणाले, ‘डॉक्टरेट घेऊन गेले, बॅरिस्टर होऊन गेले, तू मार्कांचं काय घेऊन बसलास?’ उघडण्याच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी तपासूनच या. तासभर पुरतो.

तिथून रीजंट्स पार्क रोडवरच्या दुकानांमधून रमतगमत प्रिमरोज हिल. नावात हिल असलं तरी उंची जेमतेम साठ-पासष्ट मीटर, चढ मवाळ आणि वाटेत बाकं. वरून सगळं शहर समोर पसरलेलं असतं: सेंट पॉल्सचा घुमट, बीटी टॉवर, लंडन आय, शार्ड. आदले दिवस ज्यांच्या पायथ्याशी मान वर करून उभे होतो त्या सगळ्या इमारती एका नजरेत. लंडन आयच्या तिकिटाचे पैसे वाचवायचे असतील तर इथे या, असं मी बिनदिक्कत सांगेन. डबा इथेच सोडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी. जून होता, ऊन होतं, तरी वर वारा असा, की कागदी रुमाल दशमीखाली दाबून ठेवावे लागले. स्वेटर पिशवीत असू द्या.

टेकडी उतरून प्रिन्स अल्बर्ट रोडला आलो की घरचे दोन गट करा. सासूबाई, नाना आणि नवरा २७४ नंबरच्या बसने कॅम्डन टाउनला गेले. मी आणि मुलगा कालव्याच्या काठाने चालत. पण आधी उलट दिशेला पाचेक मिनिटांवर मॅक्लसफील्ड पूल बघून आलो, आणि तो चुकवू नका. १८७४ साली ऑक्टोबरमध्ये पहाटे दारूगोळ्याने भरलेली एक नाव बरोबर याच पुलाखाली फुटली. नावेवरचे तिघे गेले, पूल उडाला. नवा बांधताना जुनेच बिडाचे खांब पुन्हा उभे केले, पण फिरवून. झालं असं, की पूर्वी नावा घोडे ओढत, त्यांचे दोर खांबांना घासून घासून खाचा पडल्या होत्या. खांब फिरवल्यावर दोर दुसऱ्या बाजूला घासू लागले. त्यामुळे आज खांबाच्या दोन्ही अंगांना खाचा दिसतात. बोट घालून बघा, बोटाचं पेर सहज आत बसतं. चिरंजीव प्रत्येक खाच मोजत बसले. मग परत फिरून प्राणिसंग्रहालयाच्या कडेने कॅम्डन, आमच्या चालीने पाऊण तास. काठावर सायकली भरधाव येतात; घंटी ऐकली की भिंतीकडे सरका, पाण्याकडे नाही.

कॅम्डनला पोचलो तर नाना लॉकपाशी उभे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद; त्यातलं पाणी कमी-जास्त करून नाव कालव्याच्या खालच्या किंवा वरच्या पातळीवर नेतात. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कालव्यावर गेलेली, त्यामुळे बाजार, टी-शर्ट, कानातले यांत त्यांना शून्य रस. एक नाव वरून खाली उतरत होती. नाववाल्या बाईंनी हातातला लोखंडी दांडा अडकवून दात्यांचं चाक फिरवलं, खालच्या दाराची झडप उघडली, पाणी घुसळत बाहेर पडलं आणि नाव हळूहळू खोल गेली. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय दार हलत नाही. मग दाराला जोडलेल्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकायची, पाय रोवायचे आणि रेटायचं. बाईंनी चिरंजिवांनाही हाताशी घेतलं. हे सगळं १८२० पासून असंच हाताने चाललंय. लहान मुलं असतील तर काठापासून दोन हात लांबच धरा. लॉक खोल असतं आणि कठडा नसतो.

‘हे पाणी कुठल्या शेताला जातं?’ नानांनी विचारलं. कुठल्याच नाही, फक्त मालवाहतुकीसाठी खणलेला कालवा, हे त्यांना पटायला वेळ लागला. लगेच पुढचा प्रश्न: प्रत्येक नावेमागे एवढं पाणी खाली जातं, मग वरून पुरवठा कसा? हा प्रश्न मला कधी पडला नसता.

कॅम्डनच्या बाजारात जेवायला जगभरचे ठेले आहेत. एक ताट साधारण दहा-बारा पौंड. शाकाहारी भरपूर मिळतं, पण चिप्स कोणत्या तेलात तळले आहेत ते विचारा. शनिवार-रविवारी इथे तोबा गर्दी असते. मधल्या वारी या.

इथूनच लिटल व्हेनिसची वॉटरबस सुटते. उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात कमी फेऱ्या. पाऊण-एक तासाचा प्रवास. नावा जुन्या पद्धतीच्या अरुंद, रुंदी दोन मीटरच्या आसपास, तेव्हा बाबागाडी घडी करूनच न्या आणि गुडघेदुखीवाल्यांना आधी चढू द्या. डावी-उजवीचा फार विचार करू नका, प्राणिसंग्रहालय दोन्ही काठांवर आहे. जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात पूर्वी पक्षी होते, आता काळी-पांढरी कोलोबस माकडं असतात. आम्हाला एक दिसलं, तेही पाठमोरं. पुलाखालून जाताना चिरंजिवांनी खाचांची गोष्ट सगळ्या नावेला ऐकवली, मराठीत. पुढे जवळजवळ २५० मीटरचा अंधारा बोगदा येतो. आत घोड्याला वाट नव्हती, म्हणून घोडा वरून चालत जाई आणि खलाशी पाठीवर झोपून भिंतींना पायांनी रेटत नाव पलीकडे नेत.

लिटल व्हेनिस म्हणजे दोन कालव्यांच्या संगमावरचा रुंद डोह, मध्ये झाडांचं बेट, कडेला राहत्या नावा आणि त्यांच्या टपांवर कुंड्या. व्हेनिस वगैरे म्हणणं जरा जास्तच आहे. पण चहा चांगला मिळाला.

परतीला ट्यूब घेऊ नका. दहा मिनिटं चालून हॅरो रोड गाठा आणि १८ नंबरची बस धरा, थेट वेम्बली. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर हार्ल्सडेनपासून पुढचं खरं, राबणारं लंडन बसल्या जागी दिसतं. गर्दीच्या वेळी तास लागू शकतो. ईलिंग रोडच्या कोपऱ्यावर उतरलात तर गवार, कढीपत्ता, पाणीपुरी सगळं आहे.

नानांच्या प्रश्नाचं उत्तर नणंदेच्या घराजवळच निघालं. कालव्याला पाणी कमी पडू लागलं म्हणून ब्रेंट नदीवर धरण बांधून १८३५ साली जलाशय केला. लोक त्याला वेल्श हार्प म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना भिंतीवर जाऊन सांडवा बघून आले. वेम्बलीत मुक्काम असेल तर तुम्हीही जा. पाऊस पडून गेला असेल तर जलाशयाच्या काठची वाट चिखलाची असते, बूट जुने घाला. आणि तिथून डॉलिस हिल जवळच आहे. १९३२ पासूनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथे आहे. गणपतीच्या दिवसांत लंडनमध्ये असाल तर त्यांचा कार्यक्रम आधी बघून ठेवा.