ईमच्या वेशीवरचा दगड

आज डर्बीशरमधल्या ईम गावी जाऊन आलो. दगडी घरं, दारात गुलाब, मधोमध जुनं चर्च. घरांवर पाट्या आहेत: या घरात कोण कोण गेलं, त्यांची नावं. सगळी प्लेगची.

१६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. त्यात पिसवा होत्या, असं मानतात. सप्टेंबरात पहिला बळी गेला. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅनली या दोघांनी गावाला विनवलं की कुणी वेशीबाहेर जायचं नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. लोक थांबले. प्रार्थनाही उघड्यावर, दरीत होऊ लागली.

वेशीवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, मग बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. त्या भोकात बोट घातलं आणि पटकन काढून घेतलं. का, ते सांगता येत नाही.

मग रायलीच्या माळावर गेलो. एलिझाबेथ हॅनकॉकनं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. स्वतःच्या हातांनी. मला तिथे आपल्या सावित्रीबाई आठवल्या, १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या.

त्याच ऑगस्टमध्ये मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. निघताना परत तिथे जाऊन आलो.